अनोळखी भाषेतला शब्द कसा फोडायचा

अरबीतला 'किताब' हा शब्द व्यापाऱ्यांबरोबर आणि धर्माबरोबर अर्धं जग फिरला. जिथे गेला तिथे अर्थ बहुतेक तोच राहिला : पुस्तक. पण 'पुष्कळ पुस्तकं' म्हणायची वेळ आली की प्रत्येक भाषेने त्याला आपापल्या पद्धतीने वागवलं. अरबीत अनेकवचन 'कुतुब'. तुर्कीत 'किताप्लार'. फारसीत 'केताबहा'. हिंदीत 'किताबें'. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत 'विताबू'. इंडोनेशियात धर्मग्रंथ या अर्थाने तो रुजला आणि तिथे अनेकवचन होतं 'किताब-किताब'. (मराठीत पदवीला आपण जो 'किताब' म्हणतो तो वेगळा, तो 'खिताब'वरून आला.)

भाषा शब्द कसे घडवतात त्याचे बहुतेक मार्ग या सहा रूपांत आलेच. मागे काहीतरी जोडा, पुढचा भाग बदला, आतले स्वर हलवा, किंवा सरळ शब्द दोनदा म्हणा. व्याकरण म्हणजे तक्ते पाठ करणं अशी आपल्याकडे शाळेपासून समजूत होते. नवी भाषा शिकायला घेतलेले कितीतरी जण त्या तक्त्यांपाशीच थकतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तक्ता दुसऱ्या कुणीतरी शब्द फोडून बनवलेला असतो. फोडायचं काम स्वतः केलं की तक्ता पाठ करावा लागत नाही, तो आपल्या हातून तयार होतो.

लागणारं साहित्य : एक वही, पेन्सिल, खोडरबर, आणि त्या भाषेतले अर्थासहित दहा-पंधरा शब्द. खोडरबर नक्की घ्या.

पायरी १ : एकाच गोष्टीत वेगळे असलेले शब्द शेजारी ठेवा

सरावासाठी स्वाहिली घेऊ. तिचे जोड स्वच्छ दिसतात, म्हणून सुरुवातीला हिच्याइतकी चांगली भाषा मला माहीत नाही. हे सहा शब्द वहीत उतरवा :

निलिसोमा – मी वाचलं
निनासोमा – मी वाचतो किंवा वाचते
नितासोमा – मी वाचेन
उलिसोमा – तू वाचलंस
उनासोमा – तू वाचतोस
आलिसोमा – त्याने किंवा तिने वाचलं

पहिल्या तीन ओळींत माणूस तोच, क्रिया तीच, फक्त काळ बदलला. शब्दात काय बदललं? लि, ना, ता. म्हणजे काळ तिथे बसतो. आता पहिली आणि चौथी ओळ बघा. काळ तोच, माणूस बदलला, आणि 'नि'चा 'उ' झाला. सहावीत 'आ'. उरलं 'सोमा', ते वाचण्याचं. आता 'ती वाचेल' हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, तरी तुम्ही ते बनवू शकता : आ-ता-सोमा. बरोबर आहे.

यातला नियम एवढाच की दोन शब्दांत एका वेळी एकच फरक हवा. 'मी वाचलं' आणि 'ते खातील' अशी जोडी घेतलीत तर हाती काही लागणार नाही, कारण सगळंच बदललेलं असतं. शिक्षकाला किंवा त्या भाषेच्या माणसाला प्रश्न विचारतानाही हेच धोरण ठेवा. "मी वाचलं कसं म्हणतात? आणि तू वाचलंस? आणि तिने वाचलं?" अशा क्रमाने विचारलं की उत्तरं आपोआप रांगेत येतात.

अर्थ असलेला हा जो लहानात लहान तुकडा मिळतो त्याला भाषाविज्ञानात रूपिका म्हणतात, काही पुस्तकांत पदिम. नाव कोणतंही वापरा, पण एक शिस्त पाळा : प्रत्येक तुकड्याच्या खाली त्याचा अर्थ लिहायचा. लिहिता आला नाही तर प्रश्नचिन्ह टाकायचं, अंदाज लिहायचा नाही.

पायरी २ : काप चुकला असेल हे गृहीत धरा

'सोमा' हा एक अखंड तुकडा आहे असं आता वाटतंय ना? मग आणखी दोन शब्द घ्या :

सिसोमी – मी वाचत नाही
हासोमी – तो किंवा ती वाचत नाही

शेवटचा 'आ' जाऊन 'ई' आला. म्हणजे आपला काप एक अक्षर मागे पडायला हवा होता. मूळ तुकडा 'सोम' आहे. शेवटचा स्वर वेगळा, आणि नकार सांगताना तो बदलतो. शिवाय नकाराचं काम शब्दाच्या दोन्ही टोकांना विभागलंय, पुढे सि किंवा हा, आणि मागे ई. खोडरबर यासाठी हवं होतं. नवख्यांची सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे पहिल्या दिवशी केलेला काप जपत बसणं. नवा शब्द मिळाला की जुने काप पुन्हा तपासायचे.

आता कर्मही आत घालू. 'निलिकिसोमा' म्हणजे 'मी ते वाचलं', यात 'ते' म्हणजे पुस्तक. अनेक पुस्तकं असतील तर 'निलिविसोमा'. हा 'कि' आणि 'वि' ओळखीचा वाटला का? एक पुस्तक 'किताबू', अनेक 'विताबू'. अरबीतला 'किताब' आला तेव्हा स्वाहिली बोलणाऱ्यांच्या कानांना त्याच्या सुरुवातीचा 'कि' आपल्याच भाषेतला वाटला, कारण त्यांच्याकडे 'किती-विती' (खुर्ची-खुर्च्या), 'किसू-विसू' (सुरी-सुऱ्या) अशा जोड्या होत्याच. त्यांनी तो शब्द तिथून कापला आणि 'विताबू' तयार झालं. मुळात अरबीत तिथे कसलाही जोड नाही. चुकीचा काप लाखो लोकांनी मिळून केला की तो त्या भाषेचा नियम होतो.

'मोठं पुस्तक पडलं' : किताबू किकुब्वा किमेआंगुका. 'मोठी पुस्तकं पडली' : विताबू विकुब्वा विमेआंगुका. मराठीकडे बघा : मोठं, पडलं, मोठी, पडली. नाम, विशेषण आणि क्रियापद यांनी एकमेकांशी सूर जुळवायचा हे दोन्ही भाषांना मान्य आहे. आपण तो शब्दाच्या शेवटी जुळवतो, स्वाहिली सुरुवातीला.

पायरी ३ : तीन ओळींत मांडा

भाषा अभ्यासणारे लोक जगभर एक सोपी पद्धत वापरतात. तिचे नियम जर्मनीतल्या लाइपझिग शहरातल्या संशोधकांनी पक्के केले, म्हणून ती त्या शहराच्या नावाने ओळखली जाते. पहिल्या ओळीत शब्द आणि तुकड्यांच्या मध्ये आडवी रेघ, दुसऱ्या ओळीत तितक्याच रेघा आणि प्रत्येक तुकड्याचा अर्थ, तिसऱ्या ओळीत साधं भाषांतर.

नि-लि-कि-सोम-आ
मी-भूत-ते-वाच-अंत्यस्वर
मी ते वाचलं.

वरच्या आणि खालच्या ओळीतल्या रेघा मोजा. संख्या जुळली नाही तर कुठेतरी तुकडा हरवलाय. एकाच तुकड्यात दोन अर्थ असतील तर त्यांच्यामध्ये रेघेऐवजी टिंब देतात. त्या टिंबाची गरज लवकरच लागेल.

पायरी ४ : एकाच तुकड्याचे अनेक चेहरे ओळखा

तुर्कीत 'एव' म्हणजे घर, 'एवलेर' घरं. 'आत' म्हणजे घोडा, 'आतलार' घोडे. मग अनेकवचन 'लेर' की 'लार'? दोन्ही, आणि निवड शब्दातला शेवटचा स्वर करतो. जीभ पुढे सरकवून म्हणायचे ए-इ सारखे स्वर असतील तर लेर, मागे नेऊन म्हणायचे आ-ओ-उ सारखे असतील तर लार. बाहेरून आलेले बहुतेक शब्दही यातून सुटत नाहीत : टेलिफोन 'तेलेफोनलार'. दोन रूपं दिसली म्हणजे दोन प्रत्यय असं लगेच मानू नका. आधी विचारा, कोणतं रूप कुठे येतं? दोघं कधीच एकमेकांच्या जागेवर येत नसतील तर तो एकच तुकडा आहे, प्रसंगाप्रमाणे चेहरा बदलणारा.

तुर्कीत तुकड्यांचा क्रमही ठरलेला असतो. एव-लेर-इम-दे : घर-अनेक-माझं-मध्ये, म्हणजे 'माझ्या घरांमध्ये'. 'दे' आधी आणि 'लेर' नंतर असं चालत नाही.

इथे जरा थांबून आपल्या घरात डोकावू या. घोडा, घोड्याला. घर, घराला. भिंत, भिंतीला. माळ, माळेला. देऊळ, देवळात. पाऊस, पावसात. प्रत्यय लागण्याआधी शब्द आधी स्वतः बदलतो, त्याला आपण शाळेत सामान्यरूप म्हणायला शिकलो. पण त्या 'घोड्या' मधल्या 'या'चा अर्थ काय? दुसऱ्या ओळीत त्याच्याखाली काय लिहाल? 'ला' म्हणजे कुणाला, 'वर' म्हणजे कुठे, पण 'या'? त्याला स्वतःचा अर्थ जवळजवळ नाहीच. 'यापुढे काहीतरी येणार आहे' एवढंच तो सांगतो. मराठी शिकणारा परभाषिक 'घोडाला' म्हणतो तेव्हा त्याने अर्थाची काहीच चूक केलेली नसते. ज्या तुकड्याला अर्थ नाही तो त्याच्या कानातून निसटलेला असतो. आणि भिंत-भिंतीला पण माळ-माळेला का, याचं उत्तर शब्दाच्या उच्चारात सापडत नाही, ते शब्दागणिक लक्षात ठेवावं लागतं. आपल्याला ते दोन-तीन वर्षांचे असताना बसलं, म्हणून कष्ट आठवत नाहीत. मराठी शिकणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला हसण्याआधी हे ध्यानात ठेवावं असं मला कळकळीने वाटतं.

पायरी ५ : एका तुकड्यात किती अर्थ कोंबलेत ते बघा

'तो जातो' आणि 'ती जाते' शेजारी ठेवा. जा-त-ओ, जा-त-ए. त्या 'ओ'मध्ये पुल्लिंग आहे आणि एकवचनही. यातला पुल्लिंगाचा भाग कोणता आणि एकवचनाचा कोणता हे कापून दाखवता येत नाही. इथे टिंब द्यायचं : पुल्लिंग.एकवचन. संस्कृतात ही गोष्ट टोकाला जाते. 'रामस्य' मधला 'स्य' षष्ठी आणि एकवचन एकदम सांगतो. 'रामाणाम्' मध्ये षष्ठी तीच राहिली, वचन बदललं, आणि सगळा शेवटच बदलला. तुर्कीसारखा अनेकवचनाचा वेगळा डबा इथे नाही. आठ विभक्ती, तीन वचनं, म्हणून चोवीस घरांचा तक्ता. तुर्कीत याच कामाला विभक्तीचे मोजके प्रत्यय आणि एक 'लेर-लार' पुरतात.

पायरी ६ : तुकडे रांगेत नसतील तर सांगाडा शोधा

अरबीत कातिब म्हणजे लेखनिक, किताब पुस्तक, मक्तूब लिहिलेलं, मक्तब लिहिण्याची जागा. कापायला गेलात तर कुठे रेघ मारणार? समान काय आहे तर क-त-ब ही तीन व्यंजनं. अर्थाचं बीज त्या सांगाड्यात, आणि आत ओतलेले स्वर आणि पुढे जोडलेला 'म' व्याकरणाचं काम करतात. 'कुतुब' हे अनेकवचनही असंच, स्वर बदलून.

हे परकं वाटेल, पण आपल्या कचेऱ्यांत हे सांगाडे शतकानुशतकं पडून आहेत. हुकूम, हाकीम, हुकूमत : ह-क-म. सफर आणि मुसाफर : स-फ-र. अंमल आणि मामला हे दोन शब्द एकाच घरातले आहेत हे सहसा लक्षात येत नाही, त्यांचा सांगाडा अरबीतला ऐन हा घशातला वर्ण, म आणि ल. म्हणजे अंमलदार आणि मामलेदार नात्याने भाऊ झाले. तालमीतला 'तालीम' हा शब्दही शिकण्या-शिकवण्याच्या धातूवरून आलाय, त्याच धातूचा 'इल्म' म्हणजे ज्ञान.

शिवाय आत स्वर बदलून अर्थ बदलण्याची युक्ती अस्सल मराठीतही आहे. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, जळणे-जाळणे, गळणे-गाळणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, फिटणे-फेडणे. फांदी तुटते ती आपोआप, तोडतं ते कुणीतरी. बाहेरून काहीच जोडलेलं नाही, पोटातला स्वर हलला, आणि शेवटच्या तीन जोड्यांत 'ट'चा 'ड'ही झाला. अरबी शब्द फोडताना अडखळलात तर ही यादी डोळ्यांपुढे आणा.

शब्दकोश उघडण्याआधी ही पायरी पार करणं फार गरजेचं. अरबीचे पुष्कळ कोश धातूंच्या क्रमाने लावलेले असतात. 'मक्तब' तिथे म खाली शोधून सापडत नाही. स्वाहिली कोशात 'निलिसोमा' मिळणार नाही, 'सोमा' मिळेल. कोश निरुपयोगी आहे अशी तक्रार करणाऱ्याने बहुतेक वेळा शब्द न फोडताच शोधलेला असतो.

पायरी ७ : काहीच तुकडे सापडले नाहीत तर क्रमाकडे बघा

चिनी भाषेत 'वो आय नी' म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. 'नी आय वो' म्हणजे तुझं माझ्यावर. एकही अक्षर बदललं नाही, जागा बदलल्या. मराठीत 'माणसाला कुत्रा चावला' म्हणा की 'कुत्रा माणसाला चावला', चावणारा कुत्राच, कारण 'ला' पहारा देतोय. चिनीत तो पहारा जागा देते, म्हणून जागांशी खेळता येत नाही.

अशा भाषेला व्याकरण नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तीन पुस्तकं म्हणायला 'सान बन शू' म्हणावं लागतं, आणि मधला 'बन' हा पुस्तकांसारख्या वस्तू मोजायचा शब्द आहे, तो गाळता येत नाही. शिवाय शब्दाला शब्द जोडण्यात चिनी फार श्रीमंत. 'ह्वो' म्हणजे आग, 'च' म्हणजे गाडी, आणि रेल्वेला म्हणतात 'ह्वोच'. हुबेहूब आपली आगगाडी. धूर सोडत येणारं ते यंत्र पाहून दोन वेगळ्या ठिकाणच्या माणसांनी सारखंच नाव ठेवलं.

शब्द दोनदा म्हणण्याचा मार्गही विसरू नका. इंडोनेशियात 'ओरांग' माणूस, 'ओरांग-ओरांग' माणसं. आपण 'घरोघरी', 'गरमगरम' म्हणतो, आणि 'चहाबिहा'सुद्धा. हे 'बि' एकटं आपलं नाही. हिंदीत चाय-वाय, कन्नडमध्ये पुस्तक-गिस्तक, आणि थेट तुर्कीत 'चाय माय'.

पायरी ८ : काय सांगणं सक्तीचं आहे ते लिहून काढा

रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेला मुद्दा मला या सगळ्या विषयाचं मर्म वाटतो : भाषांमधला खरा फरक त्यांना काय सांगता येतं यात नसून काय सांगावंच लागतं यात असतो. वहीच्या एका पानावर नव्या भाषेसाठी हे प्रश्न लिहा. एक की अनेक हे सांगावंच लागतं का? स्त्री की पुरुष? केव्हा? आणि सांगणाऱ्याला ते कसं कळलं?

शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल. पण तुर्कीत 'तो गेला' म्हणताना 'गित्ती' की 'गितमिश' हे ठरवावंच लागतं. 'गित्ती' म्हणजे मी खात्रीने सांगतोय, 'गितमिश' म्हणजे कुणाकडून ऐकलं किंवा खुणांवरून ताडलं. मराठीत हे काम 'म्हणे' करतं : गेला म्हणे. फरक असा की आपण 'म्हणे' गाळू शकतो, तुर्की माणसाला निवड टाळता येत नाही.

उलट बाजूने आपली सक्ती बघा. "आम्ही उद्या निघतोय" आणि "आपण उद्या निघतोय" यातलं एक निवडावंच लागतं, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की त्याने बॅग भरायची की नाही. गुजरातीत, तेलुगूत ('मनमु' आणि 'मेमु'), इंडोनेशियनमध्ये ('किता' आणि 'कामी') हा भेद आहे. हिंदीच्या 'हम'मध्ये आणि इंग्रजीच्या 'वी'मध्ये नाही. स्वाहिलीत 'तुलिसोमा' म्हणजे 'आम्ही वाचलं' आणि 'आपण वाचलं' दोन्ही. भाषांतर करताना इथे मराठी माणूस अडतो, आणि अडायलाच हवं.

पायरी ९ : मोजा

जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर एक साधा हिशेब मांडला. शंभर शब्दांचा उतारा घ्या, त्यातले तुकडे मोजा, शब्दांच्या संख्येने भागा. व्हिएतनामीसाठी त्याला १.०६ मिळालं, इंग्रजीसाठी १.६८, स्वाहिलीसाठी २.५५, संस्कृतसाठी २.५९, आणि त्याने तेव्हाच्या रूढ नावाने एस्किमो म्हटलेल्या भाषेसाठी ३.७२.

मराठीचं स्वतः करून बघा. "काल आमच्या शाळेतल्या मुलांनी झाडं लावली." काल १, आम-च्-या ३, शाळ-ए-त-ल्-या ५, मुल-आ-अनुस्वार-नी ४, झाड-अनुस्वार २, लाव-ल्-ई ३. एकूण १८ तुकडे, ६ शब्द, म्हणजे ३. पण सामान्यरूपाचा तो निरर्थक तुकडा धरायचा की नाही? 'शाळे' आणि 'मुलां' मध्ये तो वेगळा मोजला नाही तर १६ तुकडे, आणि उत्तर साधारण २.७ येतं. एका वाक्यावरून भाषेचा निवाडा करता येत नाही, पण काय मोजायचं हे ठरवताना होणारी ओढाताण हाच इथला खरा अभ्यास आहे. वर्तमानपत्रातला अग्रलेख आणि घरातलं बोलणं, दोन्हींचे शंभर-शंभर शब्द घेऊन बघा.

पायरी १० : नसलेला शब्द देऊन बघा

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला 'वग' असं अर्थहीन नाव दिलं, आणि दोन असतील तर काय म्हणाल असं विचारलं. मुलांनी कधीही न ऐकलेलं अनेकवचन बनवलं. ती नुसतं ऐकलेलं परत म्हणत नव्हती, त्यांच्याकडे नियम होता.

तुम्ही शोधलेला नियम खरा आहे का हे पाहायला यासारखं दुसरं साधन नाही. घरी विचारा : 'गटपा' नावाचा प्राणी आहे, त्याला खाऊ द्यायचाय. कुणीही 'गटप्याला' म्हणेल. मग 'डापूस' विचारा. काही जण 'डापसाला' म्हणतील, काही 'डापुसाला', काही 'डापूसला', आणि इथे नियम सैल आहे हे कळेल. खऱ्या शब्दांतही हेच दिसतं. 'टेबलावर' म्हणतो, पण 'फोनवर'. 'कॉलेजात' चालतं, 'कॉलेजमध्ये' चालतं, 'कॉलेजत' मात्र कुणाच्या तोंडून निघत नाही. म्हणजे 'त' सामान्यरूपाशिवाय उभा राहत नाही आणि 'मध्ये' नव्या शब्दाला न बदलताही चिकटतो. आजीला आणि कॉलेजात जाणाऱ्या भाचीला एकच दहा शब्द विचारा, उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहा. कापसाची गादी म्हणणारी आपली भाषा अल्फान्सो या पोर्तुगीज नावावरून आलेल्या हापूसला मात्र वेगळं वागवते : हापूसची पेटी, हापुसची पेटी, पण हापसाची पेटी रत्नागिरीतही कुणी मागत नाही.